त्राइनचा नारिंगी

मित्रांनो, मी एक जुना रंगपंखा आहे आणि माझे अठ्ठाविसावे पान चिकटपट्टीने जोडलेले आहे. रंगाच्या दुकानात तुम्ही शेडकार्ड पाहिले असेल. मी त्याच कुळातला. फक्त माझी पाने एका टोकाला स्क्रूने आवळलेली आहेत, म्हणून मी पंख्यासारखा उघडतो. माझ्या प्रत्येक रंगाला नंबर आहे आणि प्रत्येक रंगाच्या मधोमध एक भोक आहे. स्वभावाने मी जरा किचकटच. 'साधारण नारिंगी', 'थोडा लालसर' असले शब्द कानावर आले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. रंग एक तर तो असतो, नाही तर तो नसतो.

माझा जन्म घाव सोसतच झाला. पांढऱ्या तावांना पोलादी रुळांमध्ये चिरडून त्यांच्यावर शाई बसवली. मग ताव एकावर एक रचले आणि वरून पाते आले. एकदा, दोनदा, चारदा. आम्ही पट्ट्या झालो. मग प्रत्येक रंगाच्या छातीत भोक पाडले, शेवटी कोपऱ्यातून स्क्रू घातला आणि पिळला. ज्याने जन्मताच इतके सोसले त्याला पुढे कशाची भीती वाटू नये. पण वाटते, मित्रांनो, अजूनही वाटते.

मला लेंडर्टच्या छापखान्यात आणले. हिलेखोम गावाच्या बाहेर, वाळूच्या टेकड्यांच्या अलीकडे, जिथे कालव्यापासून कालव्यापर्यंत ट्यूलिपचे वाफे आहेत. इथल्या छापखान्यांचे पोट ट्यूलिपवर चालते. कंदांची पाकिटे, खोक्यांवरची लेबले आणि दरवर्षी मे महिन्यात बागायतदार मंडळाचा मोठा कॅटलॉग. तो जगभरच्या निर्यातदारांकडे जातो. ते फूल बघत नाहीत, पान बघतात, आणि पान बघून मागणी घालतात.

फुले बघायला एप्रिलमध्ये बाहेरून गाड्या भरभरून माणसे येतात. फोटो काढतात आणि जातात. पुढे काय होते ते बघायला कोणी थांबत नाही. रंग पारखून झाला की शेतात पात्यांचे यंत्र घालतात आणि एका दिवसात लाखो मुंडकी उडवतात. फूल तोडले की कंद पोसतो, म्हणून. त्याआधी रोग शोधणारी माणसे वाफ्यांतून वाकून चालतात. पाकळीवर एक चुकीची रेघ दिसली की त्या झाडाला जागच्या जागी विष टोचून मारतात. एप्रिल संपता संपता शेते हिरवी, बिनमुंडक्यांची होतात आणि मुंडक्यांचे ढीग बांधावर कुजत पडतात. रंग मग फक्त कागदावर उरतो. माझी किंमत कळली ना आता?

मला सांभाळले ते फेनाने. संगणकावर पाने मांडणे, रंग ठरवणे आणि फाइल मशीनकडे पाठवणे हे तिचे काम. ती हात धुऊन मला उचलायची आणि काम झाले की अंधाऱ्या खणात ठेवायची, कारण उन्हात आमचे रंग उडतात. "हा आमचा न्यायाधीश," असे ती पाहुण्यांना सांगायची तेव्हा मी फुगून जायचो. मालक लेंडर्ट मात्र मला टेबलावर आपटायचा. एकदा त्याने मला एका शाईवाल्याच्या अंगावर फेकून मारले होते. आवाज मोठा, हात त्याहून मोठा, आणि वाचायचा कंटाळा.

मशीन खाइस चालवायचा. पाच शाईंचे पाच टप्पे असलेली ती मशीन. अकरा वर्षांपूर्वी तिने त्याची करंगळी रुळांत ओढून नेली होती. रक्त निळ्या शाईत पडले. खाइस हात दाबून खाली बसला होता, तरी म्हणाला, "तो ताव फेका, निळा बिघडलाय." अशी माणसे आता कमीच.

त्या वर्षी एप्रिलमध्ये एव्हर्ट नूर्डरमेर बादलीत सात फुले घेऊन आला. बरोबर बायको त्राइन. एव्हर्ट चौऱ्याहत्तर वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने दोन ट्यूलिपांचा संकर करून बी पेरले होते. पहिले फूल यायला सहा वर्षे लागली. हजारो रोपांमधून एक ठेवले आणि बाकीची त्याने स्वतःच्या हाताने उपटून टाकली. मग त्या एका कंदाचे दोन, दोनाचे पाच असे करत एक वाफा भरला. फुलाला त्याने बायकोचे नाव दिले. जगात ते फूल त्या एका वाफ्यातच होते.

"एव्हर्टकाका, फूल हलवू नका," फेना म्हणाली. ती त्यांच्याच गल्लीत वाढलेली. तिने माझे पान पाकळीवर धरले. भोकातून पाकळी दिसते, भोवती माझा रंग असतो. नंबर चुकीचा असेल तर भोक डोळ्यांत भरते. बरोबर असेल तर भोक नाहीसे होते. ती पाने पालटत गेली आणि अठ्ठाविसाव्या पानावरच्या तिसऱ्या रंगात भोक नाहीसे झाले.

मी तिथे बारा वर्षे होतो, पण इतका तंतोतंत माझा रंग कोणाच्या अंगावर पाहिला नव्हता. मला फार आनंद झाला.

"चार शाईंत हा निघायचा नाही," फेना म्हणाली. "नेहमीच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या, काळ्या कशाही मिसळल्या तरी तो विटकरीकडे जातो. याला पाचवी शाई लागेल, डब्यात तयार केलेली."

"आण मग," एव्हर्ट म्हणाला. "बायकोचं नाव आहे त्याला. विटकरी छापलंत तर ही मला घरात घेणार नाही."

"घरात असतोस कधी तू?" त्राइन म्हणाली. "एकोणीस वर्षं त्या वाफ्यात बसलायस. आणि नाव दिलंयस म्हणे माझं. तण काढताना शिव्या घालतोस त्या कुणाला, सांग की हिला."

"तुलाच," एव्हर्ट म्हणाला. "तुझ्याइतकं ऐकून कोण घेतं?"

सगळे हसले. मग एव्हर्ट गंभीर झाला. "फेना, पोरी, यंदा निर्यातदारांनी उचललं तर उचललं. पुढच्या वर्षी मला वाकता येणार नाही. आणि दुसरं फूल करायला अजून एकोणीस वर्षं कुठून आणू मी?"

फेनाने शाईचा डबा मागवला. कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर त्या फुलाचा रंग वेगळा, पाचवा म्हणून बसवला. मी खणात गेलो आणि शेतातली मुंडकी उडाली.

मे महिन्यात कॅटलॉग छापायच्या दिवशी फेना रजेवर होती. फ्रिसलंडमध्ये तिच्या बहिणीचे लग्न होते. फाइल तयार होती, फक्त तिची पीडीएफ करून पाठवायची होती. लेंडर्ट म्हणाला, एवढे तर मलाही येते.

मित्रांनो, पीडीएफ करताना पडद्यावर एक चौकट उघडते. ती विचारते, खास रंग आहेत तसे ठेवू, की चार शाईंत बदलून टाकू? आदल्या दिवशी पोहण्याच्या तलावाचे पत्रक निघाले होते, त्यासाठी 'बदला' वर खूण होती. ती तशीच राहिली होती. लेंडर्टने पडद्यावरचे पान पाहिले. पडद्याला आतून उजेड असतो, तिथे सगळेच झळकते. "छान दिसतंय," तो म्हणाला आणि चौकट न वाचता बटण दाबले. त्या एका टिचकीत पाचवा रंग मेला. आवाजसुद्धा झाला नाही.

छापायच्या प्लेट चारच निघाल्या, एका शाईला एक. आमच्या मशीनच्या पाचव्या टप्प्यात एरवी वॉर्निश भरतात, पान चकचकीत दिसावे म्हणून. खाइसने दारातून विचारले, "पाचव्यात काय भरू? नारिंगी की वॉर्निश?"

"प्लेट किती आल्या?"

"चार."

"मग चारवर नारिंगी कुठून येणार? वॉर्निश भर. पाचला गाडी येतेय."

"फेना म्हणाली होती..."

"फेना लग्नात नाचतेय. मी इथं उभा आहे."

खाइसने वॉर्निश भरले. रात्र व्हायच्या आत सगळे कॅटलॉग गेले, आणि त्यांच्या मुखपृष्ठावर त्राइन होती, विटकरी आणि चकचकीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेंडर्ट सगळ्यांच्या आधी आला. त्याने मला खणातून काढून केबिनमध्ये नेले आणि माझे अठ्ठाविसावे पान मुखपृष्ठावर ठेवले. भोकाभोवती मी पेटल्यासारखा नारिंगी, भोकात वाळलेली वीट. त्याची पाचावर धारण बसली. तीस वर्षे तो मंडळाचा कॅटलॉग छापत होता. फूल तर आता कुठेच नव्हते. त्या रंगाचा साक्षीदार या खोलीत मी एकटा होतो.

त्याने माझे पान मुठीत धरले आणि ओढले. स्क्रूने धरून ठेवले. त्याने पिळले, पुन्हा ओढले. कागद स्क्रूपाशी फाटत गेला, तंतू तंतू सुटत गेला. मला ओरडता येत नाही, म्हणून त्याला वाटले असेल की मला काही होत नाही. त्याने पान चुरगाळून कचऱ्याच्या टोपलीत टाकले आणि मला टेबलावर ठेवून दिले.

फेना नऊला आली. मुखपृष्ठ बघताच तिला सगळे समजले. तिने फाइल उघडून पाहिली आणि केबिनच्या दारात उभी राहिली.

"लेंडर्ट, पाचवी प्लेट निघालीच नाही. तुम्ही रंग बदलून टाकलेत."

"फूल तसंच होतं."

"तसं नव्हतं. मी कार्डाला लावलं होतं."

"गेलेत कॅटलॉग. आता काय वाटेत अडवू?"

"आजच्या आज मुखपृष्ठ बदलून पाठवू. ताव आहेत, शाईचा डबाही आहे. नाही तर मी मंडळाला फोन करते."

लेंडर्टने टेबलावर मूठ आपटली. पण तो नाही म्हणाला नाही. फेनाने 'आहे तसा ठेवा' वर खूण केली. पाच प्लेट निघाल्या. खाइसने वॉर्निश पुसून काढले आणि डबा फोडला. मशीन सुरू झाली. केबिनच्या काचेतून मला ताव दिसत होते. पहिले शंभर फिके गेले, मग रंग चढला आणि मशीनच्या पलीकडच्या टोकाला माझ्या अठ्ठाविसाव्या पानाचा नारिंगी एकावर एक पडू लागला. तंतोतंत तोच.

त्याच वेळी एव्हर्ट आला. एका हातात कॅटलॉग, दुसऱ्या हातात शेतातले फावडे. तो सरळ केबिनमध्ये शिरला.

"हे काय आहे, लेंडर्ट?"

"तुझं फूल. आठवण नेहमी जास्त लाल असते, एव्हर्ट."

"कार्डाला लावून दाखव. माझ्यासमोर लावलं होतं तिनं. अठ्ठावीस."

एव्हर्टने मला उचलले. सत्तावीस, आणि मग एकोणतीस. त्याने पुन्हा मोजले. स्क्रूपाशी फाटका तुकडा लोंबत होता. त्याचा अंगठा त्या तुकड्यावर थांबला.

"पान कुठं गेलं?"

लेंडर्टने खांदे उडवले. "मला काय विचारतोस? कार्ड तिच्याकडे असतं. फाइलही तिचीच."

मित्रांनो, तेव्हा मला वाचा असती तर एका माणसाचा हात वाचला असता. एव्हर्टने डोक्यात राख घातली. मला एका मुठीत आवळून तो छपाईच्या दालनात आला. फेनाच्या टेबलावर त्याने फावडे घातले. पडदा फुटला, काच तिच्या केसांत उडाली. दुसरा घाव प्रूफ बघायच्या काचेच्या टेबलावर बसला, तिसरा शाईच्या मांडणीवर. डबे पडले, निळी, गुलाबी, पिवळी शाई एकत्र वाहू लागली. मशीन धडधडत होती, कोणाचे बोलणे कोणाला ऐकू जात नव्हते.

"एव्हर्टकाका, मागे बघा!" फेना ओरडत होती. "तिकडे बघा, छापतोय आम्ही!"

त्याच्या मागे दहा पावलांवर ताव पडत होते, त्याच्या बायकोच्या नावाचे. तो वळला नाही. त्याला फक्त फेना दिसत होती. त्याने फावडे उचलले आणि ती भिंतीला टेकली. खाइस मधे आला. वाळूत घासून घासून फावड्याची धार पातळ झालेली असते. ती खाइसच्या उजव्या हातात कोपराखाली उतरली आणि हाडाला अडली. एव्हर्टने फावडे सोडले, मलाही सोडले. मी तावांच्या ढिगावर उघडा पडलो.

रक्त माझ्या अंगावर आले. मी किचकट आहे, सांगितलेच आहे; मी नंबर पाहिला. ताजे रक्त एकेचाळिसाव्या पानाचे होते. वाळू लागले तेव्हा ते विटकरी झाले, कॅटलॉगवरच्या त्राइनसारखे. मला स्वतःची शिसारी आली.

एव्हर्ट खाइसकडे बघत उभा राहिला. मग निघून गेला. लेंडर्टने रुग्णवाहिका बोलावली. फेनाने स्वतःचा पट्टा खाइसच्या हाताला आवळून बांधला.

"मशीन बंद कर," खाइस तिला म्हणाला. "रंग छान लागलाय, पण बंद कर."

रुग्णवाहिका गेल्यावर फेनाने वरचा एक चांगला ताव घडी केला, मला उचलून खिशात कोंबले आणि सायकलवर बसली. एव्हर्टला निदान हा रंग दाखवावा म्हणून. कालव्याच्या कडेने ती इतकी जोरात गेली की मी खिशात आपटत होतो. वाफ्याच्या अलीकडेच आवाज ऐकू आला. एव्हर्टने ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडला होता. वाफ्यात कंद जमिनीखाली होते, काढणीला दीड महिना बाकी. फिरणारी पाती त्यांच्यातून जात होती. लांबीने एकदा जाऊन झाले होते, आता तो आडवा फिरवत होता. पांढरे तुकडे मातीबरोबर वर उडत होते आणि पुन्हा पात्यांत पडत होते. त्राइन बांधावर उभी राहून त्याला हाका मारत होती.

फेना ताव हातात उघडा धरून ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. एव्हर्टने ब्रेक लावला. त्याने ताव पाहिला. खूप वेळ पाहिला.

"हे कधी छापलं?" त्याने विचारले.

"तुम्ही आलात तेव्हा. तुमच्या मागेच पडत होते."

तो खाली उतरला नाही. इंजिन चालूच होते. ते त्राइनने बंद केले. मग ती वाफ्यात गुडघ्यांवर बसली आणि माती चाळू लागली. फेनाही बसली. संध्याकाळपर्यंत दोघींना चार कंद सापडले, चारही घासलेले. त्राइनने ते कुंडीत लावले आणि उन्हाळ्यात ते कुजले.

पोलीस एव्हर्टला शेतातूनच घेऊन गेले. त्याला शिक्षा झाली, ती भोगून तो परत आला. खाइसच्या उजव्या हाताची पकड गेली ती गेलीच. एव्हर्ट त्याच्या दारात माफी मागायला गेला होता. खाइसने दार उघडले, ऐकून घेतले, पण आत बोलावले नाही. लेंडर्ट अजून मालक आहे. फेनाने टोपलीतून माझे पान शोधून, सुरकुत्या काढून त्याच्या टेबलावर ठेवले, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत राहिला. पान तिनेच मला चिकटवले. त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली आणि जाताना मला उचलून घेऊन गेली. तिला कोणी अडवले नाही.

पण एक गोष्ट त्या दिवशी कोणाच्या लक्षात आली नव्हती. त्या संध्याकाळी लेंडर्टने आपली अब्रू वाचवायला रक्त न लागलेले सगळे ताव निवडले आणि निर्यातदारांना पाठवून दिले. शेतात काय झाले ते त्याला माहीत नव्हते. ते ताव पोहोचले. जून महिन्यात त्राइनच्या स्वयंपाकघरात फोन वाजू लागला. जपानमधून, कॅनडातून, पोलंडमधून. असा नारिंगी आम्ही कधी पाहिला नाही, किती कंद देता? फेना तिच्याकडे कॉफीला गेली होती आणि मी फेनाच्या पिशवीत होतो, म्हणून एक फोन मीही ऐकला.

"हो, त्राइनच बोलतेय," ती म्हणाली. "नाही, फूल. मी नाही. हो, तो रंग खरा होता. नाही हो, पुढच्या वर्षीही नाही." तिने फोन ठेवला आणि फेनाच्या कपात दूध ओतले. "एकोणीस वर्षं कुणी विचारलं नाही मला," ती म्हणाली. "आता सगळ्यांना मीच हवी आहे."

एव्हर्ट तेव्हा तुरुंगात होता. त्याला हे फोन तिने कधी सांगितले की नाही, ते मला माहीत नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मी कागद आहे, आज ना उद्या माझा रंग उडेल, तेव्हा मला खुशाल फेकून द्या आणि नवा आणा. पण तुमच्यापैकी कोणी उद्या छापायला फाइल पाठवील, तेव्हा ती छोटी चौकट शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यात कोणाची तरी वर्षे असतात. चूक झालीच तर साक्षीदाराचे पान फाडू नका, चूक कबूल करा. ताव पुन्हा छापता येतो. आणि तुमचे कोणी वाटोळे केले असे वाटून हात उचलाल, तेव्हा कोणी मागे बघा म्हणून ओरडत असेल, तर एकदा मागे बघा.